अकराचा ताळा

“श्श. कुणी खोकलं तरी बघून घेईन. ती डोक्यात गुणाकार करतेय,” वकील दबक्या आवाजात म्हणाला.

कुणी खोकलं नाही. भट्टीचे आजोबा हातातली सळई टेकवून उभे राहिले. मामाने श्वास रोखला. शाळेच्या नव्या तरणतलावाचं काम बघणारे साहेब हाताची घडी घालून कौतुकाने पाहू लागले. आणि या सगळ्यांच्या मधोमध, हातात खडू, डोळे मिटलेले आणि मान जराशी वर, अशी ताळेबाई उभी होती. मान जराशी वर होती हे लक्षात ठेवा, कारण पुढे ती बरीच खाली जायची आहे.

ताळेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बारा वर्षांची ही मुलगी सुट्टीला मामाकडे आली की घरातल्या प्रत्येक आकड्याचा ताळा करून बघायची. मामीने बिस्किटं वाटली तरी हिची बोटं हलू लागायची. म्हणून तिच्या मामेभावाने तिला हे नाव चिकटवलं होतं. मामेभाऊ म्हणजे वकील. वय वर्षं तेरा, आणि “पुरावा काय?” असं विचारल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. त्याची धाकटी बहीण पिटुकली फार बोलायची नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

मामाचा कारखाना होता काचेचे चौकोन बनवण्याचा. पोस्टाच्या तिकिटाएवढे हे चौकोन तलावांच्या तळाला ओळीने बसवतात. त्यात एक मोठी मेख होती. निळा रंग भारी लहरी! आज भट्टीतून निघालेला निळा उद्या निघत नाही. तीच वाळू, तीच भुकटी, तेच आजोबा, तरी उद्याचा निळा आजच्यापेक्षा वेगळाच उतरतो, आणि पाण्याखाली तो ठिगळासारखा दिसतो. म्हणून एका तलावाचे सगळे चौकोन एकाच भट्टीत काढायचे, आणि किती लागतील ते आधी नेमकं ठरवायचं, असा नियम होता. तो आकडा भट्टीच्या दाराशेजारच्या काळ्या भिंतीवर खडूने लिहायचा. मोबाइलवर गुणाकार केलेला मामाला चालत नसे. “डोकं काय नुसते केस विंचरायला दिलंय?” असं तो म्हणे.

या तलावाला लांबीत चारशे त्र्याहत्तर आणि रुंदीत तीनशे बारा चौकोन बसणार होते. ताळेबाईने डोळे उघडले आणि झरझर खडू चालवला.

१४५७७६.

“आता ताळा,” मामा म्हणाला आणि पुढे झाला. नवाचा ताळा हा त्याचा जीव की प्राण. “चार, सात, तीन, झाले चौदा. एक आणि चार पाच. इकडे तीन, एक, दोन, सहा. पाच सक तीस, म्हणजे तीन. आता उत्तरातले अंक मिळवू. एक, चार, पाच, सात, सात, सहा. तीस. म्हणजे तीन. इकडे तीन, तिकडे तीन, ताळा जमला!”

“मुलगी आहे की यंत्र?” साहेब म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताळेबाईला वाटलं, आपण जमिनीपासून वीतभर वर उचललो गेलोय. तेवढ्यात मागून काचकाकू आल्या. चौकोन बसवायचं काम काकूंचं. पायात रबरी बूट, अंगात मोठ्या खिशांचा एप्रन, आणि काचेने चिरून चिरून बोटांची टोकं खरबरीत झालेली. त्यांनी खिशातून निळ्या काचेचा एक फुटका तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला.

“घे बक्षीस. फुटके सगळे माझे असतात, त्यातला हा तुला.”

ताळेबाईने तो खिशात टाकला. काकू काय म्हणाल्या तिकडे तिचं लक्षच नव्हतं. साहेब अजून तिचीच तारीफ करत होते ना!

भट्टी पेटली. आकडा पुरा झाला, भट्टी थंड झाली. काकूंनी वाकून वाकून, एकेक ओळ करत, तलावाचा तळ निळा करायला घेतला. मुलं रोज काठावर बसून बघायची आणि पोहायला कोण आधी उतरणार यावर भांडायची.

आणि मग एका सकाळी काकू पायऱ्यांपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “संपले.”

“काय संपले?” मामाने विचारलं.

“चौकोन. पेटीचा तळ दिसतोय. फुटतुटीसाठी वर ठेवलेले होते, ते फुटलेल्यांच्या जागी गेले, तेही संपले.”

पायऱ्यांच्या बाजूला भिंतीलगत एक करडा पट्टा तसाच राहिला होता. रुंदीला वीतभरही नसेल, पण लांबी तलावाएवढी. एखाद्याने नवा कोरा सदरा घालावा आणि त्याची शेवटची बटणं तुटलेली असावीत, तसा तो तलाव दिसत होता.

साहेब तरातरा आले. मामाही घामाघूम झाला. दोघं भट्टीच्या भिंतीपाशी गेले आणि पुन्हा एकदा अंक मिळवून बसले. इकडे तीन, तिकडे तीन.

“आकडा बरोबर आहे,” साहेब म्हणाले.

“भिंतीवर होते तेवढे मी दिले, साचे मोजून दिले,” भट्टीचे आजोबा म्हणाले.

“म्हणजे चौकोन चोरीला गेले,” साहेबांनी निकाल दिला. “पेटीची किल्ली कुणाकडे असते?”

किल्ली काचकाकूंकडे असायची. सगळ्यांना हे माहीत होतं.

मुलांच्या अंगात मात्र वीज संचारली. सुट्टीत चोरी! तीही खरीखुरी! दुपारी तिघं काकूंच्या मागावर निघाली. पावाच्या दुकानामागची गल्ली, सायकल दुरुस्तीवाला, मग एक बुटकी भिंत. काकू दार उघडून घरात गेल्या. वकिलाने हात जोडून पायरी केली, ताळेबाई त्यावर चढली आणि भिंतीपलीकडे बघून तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

अंगणातला नळाचा ओटा निळा होता. ओट्याभोवतीची जमीन निळी होती. उन्हात सगळं लखलखत होतं.

“सापडलं,” ती कुजबुजली.

पिटुकली शेजारच्या दगडावर चढून कधीची बघत होती. “ताई, पण ते...”

“नंतर सांग. चल, पळ.”

तलावापाशी मामा होता, साहेब होते, कामावरची सगळी माणसं होती, शाळेच्या कार्यालयातलेही दोघं-तिघं आले होते. ताळेबाईला दम लागला होता. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं.

“आम्ही बघितलं,” ती म्हणाली. “काकूंच्या अंगणात निळी काच आहे. खूप.”

तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पुढे तिने स्वतःला हे पुष्कळदा समजावलं.

काकूंना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “फुटके आहेत ते. इतक्या वर्षांचे. तुम्हीच न्यायला सांगितलं होतंत.” शेवटचं वाक्य मामाला होतं. मामा आठवण्याचा प्रयत्न करत राहिला, आणि त्याला आठवेपर्यंत साहेब बोलून गेले, “फुटके काय नि धड काय, चोराला सगळं सारखंच. उद्यापासून यायचं नाही.”

काकूंनी किल्ली पेटीवर ठेवली. रबरी बूट काढले, दोन्ही नीट जोडीने भिंतीला लावून ठेवले, आणि साध्या चपला घालून त्या फाटकाबाहेर पडल्या. जाताना त्यांनी ताळेबाईकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच बघत होत्या, जणू हिला आपण ओळखतो की नाही ते ठरवत होत्या.

त्या संध्याकाळी मामीने तिच्या आवडीचं जेवण केलं. “चोर पकडणारी भाची,” असं मामा म्हणाला, पण तेही खाली बघतच. ताळेबाई ताटात नुसती बोटं फिरवत राहिली.

“ताई,” पिटुकलीने शेवटी सांगितलं, “तिथे एकही चौकोन अख्खा नव्हता. सगळे फुटके होते. मी तेच सांगत होते.”

वकिलाने ताटावरची मान वर केली. “एकही नाही?”

“एकही नाही.”

“म्हणजे आपला पुरावा गेला,” वकील म्हणाला. एरवी हे वाक्य त्याने मोठ्या थाटात टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिघं सुक्या तलावात उतरली. खाली गारवा होता आणि बोललं की आवाज घुमत होता. वकील करड्या पट्ट्यावर उकिडवा बसला.

“मला एक सांग. किती चौकोन कमी पडले, हे कुणी मोजलं का?”

कुणीच मोजलं नव्हतं. मोठी माणसं टोपलीभर गेले, टोपलीभर गेले म्हणत होती, आणि टोपली केवढी ते ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवलं होतं.

मोजायला कितीसा वेळ लागणार? तीन ओळी पूर्ण रिकाम्या होत्या. चौथ्या ओळीत काकूंनी ब्याण्णव चौकोन बसवले होते, बाकीची जागा रिकामी होती.

“चारशे त्र्याहत्तर त्रिक चौदाशे एकोणीस,” ताळेबाई पुटपुटली. “आणि चौथ्या ओळीतले तीनशे एक्याऐंशी. झाले अठराशे.”

“बरोब्बर अठराशे?”

“बरोब्बर अठराशे.”

“कमाल आहे,” वकील म्हणाला. “चोर मोजून चोरतो की काय? मूठभर इकडे, मूठभर तिकडे, असं नेणाऱ्याचा आकडा असा साफ कसा निघेल?”

तो आणखी काही बोलत होता, पण ताळेबाईला ऐकू येईनासं झालं होतं. अठराशे. एक आणि आठ नऊ. नवाने भाग जातो. तिला वर्गातली एक गंमत आठवली होती. कुठल्याही संख्येतले दोन अंक एकमेकांच्या जागी ठेवा, जुन्या नव्या संख्येतला फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. बावन्नचे पंचवीस करा, फरक सत्तावीस. एक्क्याण्णवचे एकोणीस करा, फरक बहात्तर. वर्गात ही गंमत सगळ्यांत आधी तिलाच जमली होती.

तिने काकूंच्या मागे राहिलेल्या बादलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि सिमेंटवर गुणाकार मांडला. पायरी पायरीने, लहान मुलं मांडतात तसा. चारशे त्र्याहत्तरला तीनशेने गुणलं, एक लाख एक्केचाळीस हजार नऊशे. बाराने गुणलं, पाच हजार सहाशे शहात्तर. बेरीज आली १४७५७६.

भिंतीवर होतं १४५७७६.

पाच आणि सात. तिने ते उलट लिहिले होते. डोक्यात उत्तर बरोबर आलं होतं, पण सगळे बघत होते, टाळ्या तोंडावर आल्या होत्या, आणि खडू पुढे पळाला होता.

“पण ताळा तर जमला होता,” वकील चक्रावला.

“नवाचा जमणारच. अंक तेच, नुसते जागा बदललेले. बेरीज तीसची तीसच.” तिने सिमेंटवरचे ओले अंक बोटाने दाखवले. “हे नवाच्या ताळ्याला दिसतच नाही. अकराच्या ताळ्याला दिसलं असतं.”

“तो कुठला?”

“चारशे त्र्याहत्तर बघ. चार आणि तीन सात, आणि मधे सातच. म्हणजे याला अकराने भाग जातो. मग याला कशानेही गुणलं तरी उत्तरालाही अकराने भाग जायलाच हवा. आता १४७५७६मधला एक सोडून एक अंक घे. एक, सात, सात मिळून पंधरा. चार, पाच, सहा मिळून पंधरा. दोन्ही सारखे, म्हणजे भाग जातो. आणि भिंतीवरचा आकडा बघ. एक, पाच, सात तेरा. चार, सात, सहा सतरा. फरक पडला चार. भाग जात नाही. एवढं सोपं होतं. मला येत होतं, दादा. मला हे सगळं येत होतं.”

खिशात हात गेला तर फुटका निळा तुकडा बोटाला टोचला. फुटके सगळे माझे असतात, असं काकू तिला स्वतः म्हणाल्या होत्या. तिच्या हातावर बक्षीस ठेवताना म्हणाल्या होत्या. आणि ते बक्षीस खिशात घेऊनच ती त्यांना चोर ठरवून आली होती. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर किती बरं, असं तिला वाटलं, पण ती आधीच तलावाच्या तळाशी बसली होती आणि त्याहून खाली जायला जागा नव्हती.

आता जे तिने केलं, ते सांगायला मलाही जड जातंय.

दुपारी कारखान्यातली माणसं जेवायला गेली तेव्हा ती एकटी भट्टीपाशी गेली. भिंतीवरचा आकडा तसाच होता. तिने ओल्या फडक्याने मधले दोन अंक पुसले आणि त्या जागी नीट लिहिलं, सात आणि पाच. एक लाख सत्तेचाळीस हजार पाचशे शहात्तर. आता आकडा बरोबर होता. आता कुणी म्हणू शकणार नव्हतं की ती चुकली. तिने मागे सरून बघितलं आणि क्षणभर तिला खरंच हलकं वाटलं.

“ताई,” दारातून आवाज आला. पिटुकली चौकटीला टेकून उभी होती. “मग आता आजोबा चोर होणार का?”

ताळेबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं. आकडा बरोबर असेल, तर चौकोन कमी कुणी दिले? भट्टीने. भट्टी कुणाची? आजोबांची. ज्यांनी एकेक साचा मोजून दिला होता त्यांची. एका माणसाला चोर ठरवून हिचं भागलं नव्हतं, आता ही दुसऱ्याच्या मागे लागली होती, तेसुद्धा कोरा चेहरा ठेवून.

“नाही,” ती म्हणाली. “नाही होणार.” तिने दोन अंक पुन्हा पुसले आणि पुन्हा चुकीचे लिहिले. आपलीच चूक दुसऱ्यांदा, नीट अक्षरात लिहिताना तिला रडू कोसळलं. पिटुकलीने खाली पडलेलं फडकं उचलून तिच्या हातात दिलं. ते ओलं आणि खडूने माखलेलं होतं, तरी तिने त्यानेच डोळे पुसले.

मामाला तिने सगळं सांगितलं. पुसण्याचंही सांगितलं. मामा बराच वेळ टेबलावरच्या काचेच्या नमुन्यांशी चाळा करत बसला. त्याचे कान लालबुंद झाले होते. ताळा त्यानेही केला होता, एकदा नाही, दोनदा. आणि फुटके न्यायला त्यानेच सांगितलं होतं, हे आता त्याला स्वच्छ आठवलं होतं.

“बरं झालं सांगितलंस,” तो शेवटी म्हणाला. “मी काकूंना निरोप पाठवतो. चौकोन सापडले, कामावर या, म्हणून.”

“पण बाबा, सापडलेच नाहीत तर पुरावा काय दाखवणार?” वकिलाने विचारलं.

“तू गप्प बस. साहेबांना कळलं तर पुढचं काम हातचं जाईल. आणि हिच्याकडे बोट दाखवतील सगळे. लहान आहे ती. झाकली मूठ राहू दे.”

निरोप गेला, तसाच परत आला. काकू येणार नव्हत्या.

मग मुलं गेली. या खेपेला भिंतीवरून डोकावली नाहीत, दार वाजवून गेली. काकू ओट्यापाशी भांडी घासत होत्या. जवळून बघितलं तर ओट्यावरच्या निळ्यांत किती निळे होते! गडद, फिके, हिरवट, जांभळट, प्रत्येक तुकडा वेगळ्या भट्टीचा, वेगळ्या तलावाचा. ताळेबाईने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नजर वर करायचा तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ती काकूंच्या चपलांपर्यंतच पोचली.

“माझं चुकलं, काकू.”

काकूंनी नळ बंद केला. “घरी येऊन सांगितलंस, चांगलं केलंस. पण मला चोर काही घरी येऊन कुणी म्हणालं नव्हतं.” त्या रागावून बोलत नव्हत्या. “गल्लीतून जाताना लोक आता माझ्या पिशवीकडे बघतात. त्यांच्या घरी तू कुठे कुठे जाणार?”

परतताना तिघं सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानापाशी आली. तिथे वकील थांबला.

“उद्घाटनाला सगळे येणार आहेत. कामावरचे, शाळेचे, गल्लीतले.”

“मला बोलू कोण देणार?”

“साहेब देतील,” वकील म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी त्याच्या डोळ्यांत जुनी चमक दिसली. “त्यांना तुझं कौतुक मिरवायचंय. त्यांना फक्त विचारायचं, हिने फळ्यावर ताळा करून दाखवला तर चालेल का?”

साहेबांना चालणार होतंच. ते म्हणाले, चालेल काय, धावेल. करड्या पट्ट्यावर त्यांनी रबरी चटई अंथरली होती. पाणी मागाहून सोडू, आधी फीत कापून घेऊ, असा त्यांचा बेत होता.

उद्घाटनाच्या दिवशी तलावाच्या काठी खुर्च्या मांडल्या होत्या. भट्टीचे आजोबा धुतलेला सदरा घालून आले होते. सगळ्यात मागे, फाटकापाशी, काचकाकू उभ्या होत्या. पिटुकलीने त्यांचा हात धरून त्यांना आणलं होतं आणि अजून सोडला नव्हता.

“आता आमची छोटी गणिती एक चमत्कार दाखवेल,” साहेब म्हणाले.

ताळेबाई फळ्यापाशी गेली. तिने फळ्यावर लिहिलं, ४७३ गुणिले ३१२, आणि खाली १४५७७६.

“ताळा तुम्ही करा,” ती लोकांना म्हणाली.

लोकांना मौज वाटली. खुर्च्यांवर बोटं हलू लागली. पाच सक तीस, तीन. एक, चार, पाच, सात, सात, सहा, तीस, तीन. “जमला!” पुढच्या रांगेतले ओरडले. “जमला, जमला,” साहेबही म्हणाले आणि टाळ्या वाजू लागल्या.

तिने टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली. त्या टाळ्या तिला आता खडे मारल्यासारख्या लागत होत्या.

“हे उत्तर चुकलेलं आहे,” ती म्हणाली.

मग तिने अकराचा ताळा करून दाखवला. तेरा आणि सतरा. खाली बरोबर उत्तर लिहिलं, पंधरा आणि पंधरा. दोन आकड्यांची वजाबाकी केली. अठराशे.

“चुकीचा आकडा मी लिहिला होता. भट्टीच्या भिंतीवर. शेखी मिरवायची होती म्हणून मांडून बघितला नाही. म्हणून चौकोन अठराशे कमी झाले. काकूंनी एकही घेतला नाही. त्यांच्या अंगणात आहेत ते फुटके आहेत, आणि ते त्यांचेच आहेत. फुटके असं मी तेव्हा म्हणाले नाही. मी फक्त काच म्हणाले.” आवाज फुटू नये म्हणून तिने फळ्याची कड घट्ट धरली. “काकू चोर नाहीत. चुकले ती मी.”

वकिलाने तलावात उतरून चटई ओढून काढली. करडा पट्टा सगळ्यांना दिसला. साहेबांना एकदम चष्मा पुसायचा होता असं दिसलं.

मामा उठून उभा राहिला. “ताळा मी केला होता,” तो म्हणाला. “दोनदा. आणि फुटके न्या म्हणून मीच सांगितलं होतं, तेही विसरलो. ही लहान आहे. मी नाही.” एवढं बोलून तो सगळ्या खुर्च्यांच्या मधून चालत फाटकापाशी गेला आणि त्याने काकूंपुढे हात जोडले. साहेब जागेवरून हलले नाहीत, पण सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळल्या तेव्हा त्यांनाही उठावं लागलं.

भट्टीचे आजोबा फळ्यापाशी आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास. एवढ्या लोकांत मला नसतं जमलं,” ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापक बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. ताळेबाईची मान काही वर होईना. आजोबांच्या बाबतीतही ती काय करून बसली होती, ते तिला त्यांना अजून सांगायचं होतं. आज संध्याकाळीच सांगायचं, असं तिने ठरवलं.

टाळ्या चालू असतानाच काकू काठाने चालत आल्या. भिंतीला लावलेले रबरी बूट अजून तिथेच होते, जोडीने. काकूंनी ते पायात चढवले आणि त्या पायऱ्या उतरून तळाशी गेल्या. पट्ट्यापाशी वाकून त्यांनी बोटाने रुंदी मापली.

“याला तसा निळा आता मिळणार नाही,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “माझ्या घरचे फुटके आणावे लागतील. सगळे निळे एकत्र लावले की ठिगळ दिसायचं नाही, लाट दिसेल. पण मी देणार आहे म्हणून हं. मागून न्यायचे.”

“मागतो, काकू,” मामा वरून म्हणाला.

“तुम्ही नको.” काकूंनी वर बघितलं. “तू ये गं खाली.”

ताळेबाई पायऱ्या उतरली. काकूंच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. खिशातला तुकडा काढून तिने तळहातावर पुढे केला. काकूंनी तो उलटसुलट करून बघितला, त्याला मागून पायरीवरच्या डब्यातलं चिकटवण बोटाने फासलं आणि परत तिच्याच हातात दिला.

तिने तो रिकाम्या पट्ट्याच्या सुरुवातीला ठेवला, आणि सवयीने तिचे ओठ हलू लागले. रुंदीत साधारण चार, लांबीत इतके, म्हणजे असे फुटके एकूण...

“मोजू नकोस,” काकू म्हणाल्या. “दाब नीट. निघायला नको.”

तिने अंगठ्याने दाबून धरला, आणि काकू सोड म्हणेपर्यंत सोडला नाही.